गोदाकाठची मरळ

नाशिक जिल्ह्यातील गोदावरी, दारणा आणि कादवा या नद्यांच्या डोहांत, त्यांच्यावरील धरणांच्या फुगवट्यात आणि गावोगावच्या तळ्यांत जे शिकारी मासे आढळतात, त्यांत शिवडा आकाराने अधिक वाढतो आणि वाम हाती लागता लागता निसटण्यात अधिक पटाईत असते; तरीही बाजारातला भाव, गळ टाकणाऱ्यांची ईर्षा आणि कालवणाची चव या तिन्ही बाबतींत पहिला मान मरळीकडेच राहिला आहे. या माशाविषयी दोन गोष्टी एकत्र ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की मरळ पाण्यात राहूनही हवेवर जगते. आणि दुसरी अशी की हवेवर जगणाऱ्या या माशाची पुढची पिढी मात्र उथळ, गवताळ काठाशिवाय उभी राहत नाही. पहिल्या गोष्टीचे कौतुक पुष्कळ झाले आहे, पण दुसरीकडे जावे तितके लक्ष गेलेले नाही, आणि नाशिकच्या गोदावरीचे आजचे दुखणे या दुसऱ्या गोष्टीशीच अधिक जवळून जोडलेले आहे.

मरळ हे नाव एकाच जातीचे नसून एका घराण्याचे आहे. प्राणिशास्त्रात ज्या प्रजातीला ‘चन्ना’ म्हणतात, तिच्या पन्नासहून अधिक जाती आशियात पसरलेल्या असून तिची जवळची भावकी आफ्रिकेत आहे. महाराष्ट्राच्या पठारावर यांपैकी तीन जाती विशेष परिचयाच्या आहेत. अंगावर तिरके काळसर पट्टे असणारी आणि बाजारात नुसत्या ‘मरळ’ या नावाने विकली जाणारी ‘चन्ना स्ट्रायटा’ ही पहिली. मोठ्या नद्यांच्या खोल डोहांत राहणारी, एक मीटरपेक्षाही लांब होणारी आणि अंगावर मोत्यासारखे पांढरे ठिपके मिरवणारी फूलमरळ, म्हणजे ‘चन्ना मारुलियस’, ही दुसरी. ओढ्यानाल्यांत आणि भातखाचरांच्या बांधाशी राहणारा, वीतभर लांबीचा डोकऱ्या, म्हणजे ‘चन्ना गचुआ’, ही तिसरी. इंग्रजी बोलणारे लोक या सगळ्यांना ‘स्नेकहेड’, म्हणजे सापाच्या तोंडाचे मासे म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यावरचे मोठे, फरशीसारखे बसवलेले खवले आणि चपटा माथा पाहिला की सापाच्या डोक्याची आठवण होते. भारतात वावरलेल्या इंग्रजांनी मात्र ‘मरेल’ हा शब्दही रूढ केला आणि त्यात मरळीचा उच्चार स्पष्ट ऐकू येतो.

या माशांच्या शास्त्रीय नावांची कथाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. बर्लिनचे वैद्य आणि मत्स्यतज्ज्ञ मार्कस एलिझर ब्लॉख यांच्याकडे तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथून मासे पाठवले जात आणि त्यांवरूनच त्यांनी १७९३ मध्ये पट्ट्यांच्या मरळीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवर लिहिलेल्या १८२२ च्या ग्रंथात फूलमरळ आणि डोकऱ्या या दोघांना नावे दिली. दख्खनच्या वाचकाला याहून जवळचे वाटावे असे काम कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे आहे. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची सांख्यिकी पाहणी करीत असताना त्यांनी येथील नद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णने छापली. पांढऱ्या ठिपक्यांवरून त्यांनी नाव दिलेली मरळ पुढच्या अभ्यासकांनी फूलमरळीतच जमा केली, पण साइक्स यांची खरी थोरवी वेगळीच आहे. अनेक माशांना लॅटिन नाव देताना त्यांनी स्थानिक लोकांच्या तोंडची नावे तशीच ठेवली आणि त्यामुळे ‘पोटाइल’, ‘कोलस’, ‘खुद्री’, ‘मुसुल्लाह’ असे शब्द जगभरच्या मत्स्यशास्त्रात कायमचे नोंदले गेले. ज्यांनी ही नावे सांगितली त्या जाळेकऱ्यांची नावे मात्र कुठेही लिहिलेली नाहीत, आणि ही उणीव आज भरून काढता येणारी नाही.

नाशिकच्या माशांचा असाच बारकाईने विचार विसाव्या शतकात झाला. सुंदरलाल होरा आणि के. एस. मिश्रा यांनी देवळालीच्या परिसरातील माशांवर १९३७-३८ च्या सुमारास लेख लिहिले, आणि त्यांतूनच ‘पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रॅटेरी’ हा दगडांना चिकटून राहणारा चिमुकला मासा जगापुढे आला. आज तो ‘देवळाली मिनो’ या नावाने ओळखला जातो आणि अतिशय धोक्यात असलेल्या माशांत गणला जातो. शिकारी मरळ आणि हा बोटाएवढा मासा एकाच खोऱ्याचे रहिवासी आहेत. पण एकाला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, तर दुसरीला संथ पाण्यातही घर करता येते, आणि एकाच नदीत दोघांचीही सोय होत होती, यावरून ती नदी किती प्रकारच्या पाण्यांची मिळून बनलेली होती हे कळते.

मरळीची शरीररचना पाहिली की तिचा धंदा ओळखू येतो. अंग गोल आणि लांबट, पाठ काळसर तपकिरी, पोट फिकट, आणि कडेने उतरणारे पट्टे असे की पाण्यातल्या देठांच्या सावलीत ती सहज मिसळून जाते. पाठीवरचा पर मानेमागून जवळजवळ शेपटीपर्यंत सलग जातो, पोटाखालचाही तसाच लांब असतो, आणि या दोन्ही परांत काटे नसतात. ते मऊ असतात आणि संथ लहरींसारखे हलवून मरळ पाणी न ढवळता एका जागी तरंगत राहू शकते. जबडा खोलवर फाकलेला, खालचा ओठ पुढे आलेला आणि आत दातांच्या रांगांत मधूनमधून सुळ्यासारखे मोठे दात असतात. ती भक्ष्याचा पाठलाग करीत लांबवर धावत नाही. पाणवनस्पतींच्या आडोशाला ती निश्चल थांबते, लहान मासा, बेडूक, कोळंबी किंवा पाणकिडा टप्प्यात आला की शरीर किंचित वाकवते आणि एका झेपेत त्याला तोंडात ओढून घेते. काठावर बसलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. गवतात ‘डुबुक’ असा एकच जड आवाज होतो आणि पाण्यावर वर्तुळे उरतात. गळाला जिवंत बेडूक लावून तो गवताच्या कडेने हळूहळू नाचवण्याची जुनी रीत याच सवयीवर आधारलेली आहे.

आता हवेची गोष्ट. बहुतेक मासे कल्ल्यांच्या साहाय्याने पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात. मरळीला कल्ले असतातच, परंतु त्यांच्या वरच्या बाजूस, डोक्याच्या पोकळीत, हवेची एक कोठडी असते आणि तिच्या भिंतींवर रक्तवाहिन्यांनी भरलेल्या घड्या असतात. मरळ ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येते, तोंड किंचित उघडून हवेचा घोट घेते, ती हवा या कोठडीत भरते आणि तेथेच प्राणवायू रक्तात जातो. शरीरातला कर्बवायू मात्र बराचसा पाण्यातच सोडला जातो. वाढलेल्या मरळीची ही निव्वळ सोय नसून तिची गरज आहे, कारण जाळ्यात अडकून तिला वर येता आले नाही तर प्राणवायूने भरलेल्या पाण्यातही ती गुदमरून मरते. पाण्यात बुडून मरणारा मासा ही कल्पना विचित्र वाटेल, पण मरळीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे.

ही सोय उष्ण प्रदेशातच का उपजली, याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी जितके तापते तितका त्यात कमी प्राणवायू विरघळतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना तोच साडेसातच्या आसपास येतो, आणि कुजणारा पालापाचोळा असलेल्या उथळ तळ्यात रात्रीअखेर तो त्याहूनही कितीतरी खाली उतरतो. वैशाखात आटत चाललेल्या डोहात रोहू, कटला पहाटे तोंडे वर काढून धापा टाकू लागतात, तेव्हा मरळ आपला घोट घेऊन शांतपणे खाली जाते. पाणी पुरते आटल्यावर ती ओलसर चिखलात अंग पुरून पावसाची वाट पाहू शकते आणि अंग ओले राहील अशा रात्री गवतातून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. या कुळाचे सर्वांत जुने जीवाश्म भारतीय उपखंडाच्या वायव्येकडील, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडले आहेत. हे मासे उन्हाळी पावसाच्या प्रदेशांतच टिकतात, म्हणून त्यांच्या नंतरच्या जीवाश्मांच्या ठावठिकाण्यावरून प्राचीन काळी पावसाळी वारे कुठवर पोहोचत होते याचाही अंदाज अभ्यासकांनी बांधला आहे. मोसमी पाऊस आणि मरळ यांचे नाते इतके जुने आहे.

ते नाते आजही डोळ्यांनी पाहता येते. मृगाचे पाणी पडून इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूचे ओढे लाल होऊन वाहू लागले की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. याला ‘वलगण’ म्हणतात आणि असे मासे ‘चढणीचे मासे’ म्हणून ओळखले जातात. डोकऱ्या तर भाताच्या खाचरांपर्यंत पोहोचतो. मरळ मात्र फार लांबचा प्रवास करीत नाही. नदीचे पाणी काठाबाहेर पसरून ज्या उथळ, गवताने भरलेल्या पाणथळी तयार होतात, तिकडे ती वळते. तिच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ तेथे सुरू होतो.

नर आणि मादी जोडीने एक जागा निवडतात. काठापासून फार दूर नसलेले, गुडघा-मांडीभर पाणी, भोवती लव्हाळे, गवत किंवा पाणवेली आणि मध्ये थोडी मोकळीक अशी ती जागा असते. वनस्पती तोंडाने तोडून आणि अंगाने रेटून दोघे मिळून पाण्याच्या पृष्ठभागावर एक गोल खिडकी मोकळी करतात. मादी तेथे काही हजार अंडी सोडते. प्रत्येक अंड्यात तेलाचा एक थेंब असतो, त्यामुळे अंडी बुडत नाहीत; पिवळसर, मधाच्या रंगाच्या मण्यांचा एक पातळ थर त्या गोल खिडकीत तरंगत राहतो आणि भोवतीच्या गवतामुळे तो पांगत नाही. गवताचे हे कुंपण नसेल तर एखाद्या लाटेने सगळी वीण विखुरली जाईल. अंडी एक-दोन दिवसांत, थोड्या थंड पाण्यात तीन दिवसांत, फुटतात.

यानंतर जे दिसते त्यामुळे मरळ ही केवळ शिकारी म्हणून ओळखली जाणे अपुरे ठरते. काही दिवसांत पिल्ले पोहू लागतात आणि त्यांचा रंग लालसर नारिंगी होतो. शेकडो पिल्लांचा हा पुंजका पाण्याच्या वरच्या थरात एकदिलाने फिरतो, सतत खालीवर होतो, आणि त्यामुळे पाणी उकळत असल्यासारखा एक लालसर डाग काठाकाठाने सरकताना दिसतो. त्या डागाच्या नेमके खाली आई-बाप असतात, आणि पुष्कळदा बाप अधिक सावध असतो. बेडूक, पाणसाप किंवा दुसरा मासा जवळ आला की तो त्याच्यावर धावून जातो. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या पायालाही धडक देतो. पिल्ले सुरुवातीला प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव खातात, पुढे कीटकांच्या अळ्यांकडे वळतात, आणि साधारण महिन्याभराने रंग काळसर होऊ लागला की पुंजका सुटतो. डोकऱ्याची तऱ्हा याहूनही निराळी आहे. त्याचा नर अंडी आणि पिल्ले आपल्या तोंडातच सांभाळतो आणि त्या काळात त्याचे स्वतःचे खाणे जवळजवळ थांबलेले असते.

याच ममतेचा गैरफायदा माणूस घेतो. लाल पुंजका दिसला की त्याच्यावरून गळ फिरवायचा, राखण करणारा मोठा मासा भुकेने नव्हे तर रागाने झडप घालतो आणि अडकतो, ही युक्ती सर्व देशांतल्या मरळ पकडणाऱ्यांना ठाऊक आहे. एक मासा हाती येतो आणि मागे राहिलेली शेकडो पिल्ले थोड्याच वेळात इतरांच्या तोंडी पडतात. जुने जाणते मासेमार पिल्लांवरच्या मरळीला हात लावू नये असे सांगतात, आणि कोणत्याही कायद्यापेक्षा हा संकेत अधिक नेमका आहे.

नाशिक जिल्ह्यात अशा विणीला लागणारे पाणी मोठ्या प्रमाणावर कुठे असेल, तर ते निफाड तालुक्यात, नांदूरमधमेश्वरला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी १९०७ ते १९१३ या काळात बंधारा बांधण्यात आला. कालव्यांना पाणी देण्यासाठी केलेल्या या बांधकामामागे शंभर वर्षांत गाळ साचत गेला. त्यातून बेटे, दलदल, उथळ पाणथळी आणि पाणवनस्पतींचे दाट पट्टे तयार झाले. पाणी साठवण्याच्या दृष्टीने जो दोष होता, तोच जीवसृष्टीच्या दृष्टीने आधार ठरला. १९८६ मध्ये येथे पक्षी अभयारण्य घोषित झाले आणि पुढे हे ठिकाण रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत दाखल झालेले महाराष्ट्रातील पहिले ठिकाण ठरले. त्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे त्याचे लोकप्रिय नाव पक्ष्यांमुळे पडले आहे आणि हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर जमणाऱ्यांच्या दुर्बिणी आकाशाकडे आणि पाण्याच्या पृष्ठभागाकडे लागलेल्या असतात. परंतु पाणकावळे, बगळे, खंड्या आणि करकोचे ज्या माशांवर जगतात, त्या माशांची संख्या पाण्याखाली मरळीसारख्या शिकाऱ्याच्या वावराने सांभाळली जात असते, हे या कौतुकात सहसा सांगितले जात नाही. पाण्यातल्या शिकाऱ्याची उपेक्षा हा आपल्या निसर्गप्रेमातला मोठा दोष आहे.

शिकारी काय करतो, हे चिलापीच्या उदाहरणावरून समजते. आफ्रिकेतून आलेला मोझांबिक टिलापिया, म्हणजे बोलीतला चिलापी, १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो लहान वयात आणि वारंवार वितो, त्यामुळे तळ्यात माशांची गर्दी होते, सगळे खुरटतात आणि इतर माशांचे अन्न संपते. आग्नेय आशियातील मत्स्यशेतीत अशा तळ्यांत मरळ सोडून चिलापीची जादा पिल्ले आटोक्यात ठेवण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत. जिथे काठ शाबूत आहे आणि मरळ आहे, तिथे हे काम फुकट होत असते.

चिलापीपेक्षाही मोठे संकट आफ्रिकी मांगूरचे आहे. लोक त्याला ‘थाई मांगूर’ म्हणतात. तोही हवेत श्वास घेणारा, घाणीत तगणारा आणि मिळेल ते खाणारा आहे. म्हणजे मरळीचा बळकटपणा त्याच्यात आहे, पण येथील नद्यांशी जुळलेला तिचा जुना तोल नाही. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घातली आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये तिच्या अंमलबजावणीचा आग्रह धरला. त्यानंतर महाराष्ट्रात अशा तळ्यांवर कारवाईही झाली. तरीही पुरात तळे फुटले की सुटलेला मासा नदीतून परत गोळा करता येत नाही.

याच्या नेमकी उलटी बाजू अमेरिकेने पाहिली. मेरिलंड राज्यातील क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात २००२ मध्ये चीनकडची ‘चन्ना आर्गस’ ही मरळ सापडली, तेव्हा तेथील वृत्तपत्रांनी तिला राक्षस ठरवले, तळ्यात विष घालून सगळे मासे मारले गेले आणि त्याच वर्षी या सगळ्या कुळाच्या जिवंत आयातीवर बंदी आली. तरी २००४ पासून पोटोमॅक नदीत ती दिसू लागली. आपली फूलमरळ तर त्याआधीच, २००० मध्ये, फ्लोरिडातील टॅमरॅकच्या तळ्यांत आढळली होती आणि आज तेथील कालव्यांत ती स्थिरावली आहे. जो मासा गोदावरीत घरचा आहे तोच फ्लोरिडात उपरा आहे, आणि जो मांगूर आफ्रिकेच्या नद्यांत निरुपद्रवी आहे तो गोदावरीत घातक आहे. मासा चांगला की वाईट, हे त्याच्या अंगावर लिहिलेले नसते. तो कुठे आहे यावर ते ठरते.

रोगाच्या बाबतीत मात्र मरळीचा चिवटपणा कामी आला नाही. १९८८ मध्ये ईशान्य भारतातून एक साथ देशात शिरली. ‘ॲफॅनोमायसिस इन्व्हाडन्स’ या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे माशांच्या अंगावर लाल चट्टे उठत, ते चिघळून खोल जखमा होत आणि कधी कधी डोक्याचे हाड उघडे पडे. या साथीने सर्वांत जास्त ग्रासलेल्या माशांत मरळीचे कूळ होते. पाणी थंड झाल्यावर आणि जोरदार पावसानंतर त्यातला क्षार कमी झाल्यावर हा रोग अजूनही डोके वर काढतो.

बाजारात मरळ जिवंत विकली जाते आणि तिचा भाव या जिवंतपणाचाच असतो. पसरट घमेल्यात किंवा टबात बोटभर पाणी, वर जाळी किंवा ओले गोणपाट, आणि आत एकमेकींवर वेटोळल्यासारख्या पडलेल्या काळ्या मरळी हे दृश्य नाशिकच्या मासळी बाजारात नवे नाही. पाणी एवढे थोडे का, असे गिऱ्हाइकाला वाटते. पण खोल पाण्यापेक्षा तिला वरची हवा हवी असते, हे विकणारीला पक्के ठाऊक असते. मासा बुळबुळीत असल्याने हाताला राख लावून तो धरतात, डोक्यावर एक घाव घालून निपचित करतात आणि मग खवले काढतात. मांसात बारीक काटे जवळजवळ नसतात, म्हणून लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्या माणसाला मरळ देण्याची रीत आहे. भाजलेला कांदा-खोबरे आणि काळा मसाला घातलेल्या रश्श्यात तिच्या जाड तुकड्या फुटत नाहीत, हेही सुगरणींच्या आवडीचे कारण आहे. मलेशियात शस्त्रक्रियेनंतर जखम भरून यावी म्हणून हाच मासा खायला देतात आणि त्यातील अमिनो आम्ले व मेदाम्ले यांवर तेथे संशोधनही झाले आहे. तेलंगणाने मरळीला राज्यमासा केले आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये हा मान पापलेटला दिला. किनाऱ्याच्या दृष्टीने तो योग्यच आहे, पण राज्याचा मोठा भाग समुद्रापासून दूर आहे आणि त्या भागाचा मासा कोणता, हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

एवढा भाव असूनही मरळीची शेती फारशी पसरलेली नाही. शेतकरी रोहू-कटल्याचे बीज सोडण्यापूर्वी तळ्यातले शिकारी मासे मारून टाकतो आणि त्यासाठी मोहाची पेंड वापरतो. पेंडीतील सॅपोनिन हा पदार्थ रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, म्हणून हवेवर जगणारी मरळही तिच्यापुढे टिकत नाही. म्हणजे ज्या माशाला बाजारात सर्वाधिक किंमत, तोच तळ्यात शत्रू समजला जातो. मरळ स्वतंत्रपणे वाढवायची तर बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, मिळणे कठीण असते, कारण पिल्ले एकमेकांना खातात आणि त्यांना सतत आकारानुसार वेगळे करावे लागते. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोडे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने नियंत्रित प्रजननाच्या पद्धती विकसित केल्या आहेत. निफाड, दिंडोरी, चांदवड भागांत द्राक्षबागांसाठी खोदलेली शेततळी पाहता येथे या व्यवसायाला वाव आहे. मात्र काठावर जाळीचे कुंपण लागते, कारण पावसाळी रात्री मरळ तळे सोडून निघून जाते. तळ्यात वाढलेली मरळ पोटाला आणि खिशाला आधार देईल, पण नदीतल्या मरळीची जागा ती घेऊ शकत नाही.

नाशिक शहरातून वाहणाऱ्या गोदावरीकडे या सगळ्यानंतर पाहिले, म्हणजे एक गैरसमज दूर करावा लागतो. सांडपाणी मिसळलेल्या, जलपर्णीने झाकलेल्या पाण्यात मरळ दिसली की ‘नदीत अजून मासे आहेत’ असे समाधानाने म्हटले जाते. स्नानयोग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मानक आहे. मरळीला त्या मानकाशी काहीच कर्तव्य नाही, कारण तिचा प्राणवायू आकाशातून येतो. म्हणून मरळ असणे ही पाणी चांगले असल्याची साक्ष नव्हे. उलट इतर सर्व मासे गेल्यावर केवळ मरळ आणि मांगूर उरले असतील, तर तो नदीच्या आजाराचा स्पष्ट पुरावा आहे.

आणि तरीही, अशा नदीतही मरळ कायम टिकेल असे नाही. मोठा मासा तगतो, पण वीण काठावर होते. जिथे काठाऐवजी सरळ उभी दगडी किंवा काँक्रीटची भिंत आली, तिथे गुडघाभर पाण्याचा पट्टाच राहिला नाही. वाळू उपसली की काठ खचतो आणि उथळ जागा खोल होते. धरणातून अचानक मोठा विसर्ग सुटला की तरंगती अंडी वाहून जातात, आणि विसर्ग वा आवर्तन एकाएकी थांबले की पाणी मागे हटून तीच अंडी चिखलावर उघडी पडतात. गंगापूर आणि दारणा धरणांचे दरवाजे पूरनियंत्रण, शहरांची तहान, शेती आणि खालच्या जायकवाडीचा वाटा यांच्या हिशेबाने उघडतात-मिटतात. त्या हिशेबात आषाढ-श्रावणातल्या काठच्या पाण्याची एखादी ओळ कोणीही लिहिलेली नाही. सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर नाशिकमध्ये निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या आणि त्यांवरून बांधकामाचे वाद आजही चालू आहेत. त्या रेषा माणसाच्या घरांच्या सुरक्षिततेसाठी आहेत. पण निळ्या रेषेच्या आतली, कधी जमीन तर कधी पाणी असणारी ती चिंचोळी पट्टीच मरळीचे बाळंतघर आहे, हे ध्यानात घेतले तर त्या वादाला आणखी एक पक्षकार मिळेल.

नांदूरमधमेश्वरच्या फुगवट्यात, भाद्रपद लागण्याच्या सुमारास, उघडीप पडलेल्या सकाळी हे सारे अजूनही पाहायला मिळते. लव्हाळ्याच्या कडेने हातभर रुंदीचा लालसर डाग सरकत असतो, पृष्ठभागावर शेकडो बारीक तोंडे उघडमीट करीत असतात आणि पाणी सतत शहारल्यासारखे दिसते. मग त्या डागापासून जराशा अंतरावर एक मोठे, चपटे, काळे डोके संथपणे वर येते, हवेचा एक घोट घेते आणि पुन्हा पिल्लांच्या खाली जाऊन थांबते.